देवकुंडला जाताना: वाटाड्या ठरवण्यापासून ओढा परत ओलांडेपर्यंत

देवकुंड धबधब्याबद्दल विचारणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. गाडी कुठे लावायची, किती चालायचं, पाणी आहे का. भिऱ्यात गाडी लावा, दोन तास चाला, पाणी आहे. एवढ्या उत्तरावर माणसं निघतात आणि अडकतात, कारण या वाटेचा खरा प्रश्न कुणी विचारतच नाही: जाताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा परत येताना तसाच असेल का?

वाटेची रचना आधी डोळ्यांसमोर आणा. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात भिरा गाव. गावातून निघालेली वाट सुरुवातीला भिरा धरणाच्या पाण्याकाठाने सपाट जाते, मग झाडीत शिरते, ओढे ओलांडते, दगडगोट्यांतून चढते आणि तिन्ही बाजूंनी कडे उभे असलेल्या कुंडापाशी संपते. पलीकडे दुसरी वाट नाही. आलात त्याच वाटेने, तेच ओढे ओलांडून परत यायचं. खालची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती आहे. टप्पे त्याच क्रमाने पाळा. क्रम बदलला की अर्धा उपयोग जातो.

१. आधी विचारा: वाट उघडी आहे का?

पावसाळ्यात रायगड जिल्हा प्रशासन धबधब्यांच्या परिसरात मनाई आदेश काढतं आणि देवकुंड त्या यादीत बहुतेक असतंच. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघायचे. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ लागू आहे. कलमाचा आकडा बदलला, अर्थ तोच: तिथे जाणं गुन्हा आहे.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, व्हिडिओ बघून ठरवणं. गेल्या आठवड्यात टाकलेला व्हिडिओ मागच्या वर्षी काढलेला असू शकतो. दुसरी, "गावातून कुणीतरी नेईल" या भरवशावर बंदीच्या दिवसांत जाणं. कुणी नेलंच, तर अडकल्यावर तो माणूसही अडचणीत येतो आणि तुम्हाला शोधायला येणारेही.

जुलै-ऑगस्टमध्ये आदेश नसला तरी जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे. या वाटेचा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत पाणीही असतं आणि ओढेही माणसात असतात.

*तपासा: निघायच्या दोन दिवस आधी भिऱ्यातल्या वाटाड्याला फोन करून "आदेश आहे का, वाट चालू आहे का" हे थेट विचारलं का?*

२. पाऊस कुठला बघायचा

इथे बहुतेकजण मोबाइलवर "भिरा" किंवा "माणगाव" टाकून सूर्याचं चित्र बघतात आणि खूश होतात. पण कुंडात पडणारं पाणी भिऱ्यावर पडलेलं नसतंच. ते वरून येतं, कड्याच्या डोक्यावरच्या मुळशीकडच्या पठारावरून. अंधारबनची वाट ज्यांनी केली आहे त्यांनी हे पठार पायांखालून घातलेलं आहे. म्हणजे चालायचं रायगडात, पण पाऊस बघायचा पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्याचा.

हवामान खात्याचा पुण्याचा अंदाज घाट परिसरासाठी वेगळा येतो. तो वाचा आणि रायगडचाही वाचा. दोन्हींपैकी एका जरी ठिकाणी पिवळ्याच्या वरचा, म्हणजे नारिंगी किंवा लाल, इशारा असेल तर बेत रद्द. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, ११५.५ च्या वर अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला होता. हे सगळं पाणी उतारावर थांबत नाही. काही तासांत खाली येतं.

हंगामातला खरा फसवा काळ मात्र परतीच्या पावसाचा. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबर. सकाळी आभाळ निरभ्र, ऊन चटका देणारं. दुपारी दोन-तीनला घाटमाथ्यावर ढग चढतात, गडगडाट होतो आणि तासाभरात धो धो कोसळून मोकळे होतात. खाली कुंडाशी बसलेल्याला डोक्यावर ऊन दिसत असतं. वरून निघालेलं पाणी मात्र वाटेत असतं.

विजेसाठी "दामिनी" हे ॲप मोबाइलवर ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते केलं आहे. दरीत रेंज जाते, म्हणून त्याचा उपयोग निघेपर्यंतच धरा.

*सावधान: मागच्या तीन दिवसांचा पाऊसही बघा. माती आधीच भिजलेली असेल तर आजची छोटी सरसुद्धा जिरत नाही, सगळी ओढ्यात येते.*

३. माणसं किती आणि कोण

आठ ते दहा जण पुरेत. पंधराच्या पुढे गेलात की पुढचा आणि मागचा एकमेकांना दिसत नाहीत, आणि ओढ्याशी सगळ्यांना उतरवायला अर्धा तास जातो. गट मोठा असेलच तर दोन भाग करा, दोन वाटाडे घ्या.

शेवटी चालणारा एक माणूस नेमा आणि त्याचं नाव घेऊन सगळ्यांना सांगा. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. हा गटातला दमदार आणि शांत माणूस हवा. एरवी असं होतं की सगळ्यात दमलेला माणूस आपोआप शेवटी पडतो आणि तोच शेवटचा ठरतो.

लहान मुलांबद्दल सरळ सांगतो. जे मूल चार तास स्वतःच्या पायांवर चालू शकत नाही, त्याला नेऊ नका. मूल कडेवर घेऊन ओढा ओलांडणाऱ्याचा तोल अर्धा गेलेला असतो. गुडघ्याचं दुखणं, दमा, अपस्माराचे झटके, गरोदरपण: यांपैकी काही असेल तर ते गटप्रमुखाला आधी कळायला हवं.

दारू नाही. आदल्या रात्रीचीसुद्धा नाही.

एका कागदावर सगळ्यांची नावं, रक्तगट आणि घरचा नंबर लिहा. एक प्रत गटप्रमुखाकडे, एक घरी. घरच्याला वेळ सांगून ठेवा: "चारपर्यंत माझा फोन आला नाही तर वाटाड्याला फोन कर, त्याचा लागला नाही तर ११२ ला." नुसतं "संध्याकाळपर्यंत येतो" म्हटलं की घरचे रात्री नऊपर्यंत वाट बघतात, आणि तोवर अंधार झालेला असतो.

४. वाटाड्या ठरवणं

हा टप्पा सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणून यावर जरा थांबतो.

शहरातल्या ट्रेक ग्रुपचा लीडर आणि गावचा वाटाड्या ही दोन वेगळी माणसं आहेत. लीडर तुमची गाडी, नाश्ता, हजेरी बघतो. वाटाड्याला हा ओढा कालच्यापेक्षा वीतभर वर आलाय हे कळतं. लीडर कितीही अनुभवी असला तरी भिऱ्यातला माणूस बरोबर हवाच; गावातून वाटाड्या घेतल्याशिवाय तिकडे सोडतही नाहीत. व्यावसायिक ग्रुपबरोबर जाणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते विचारा. किती माणसांमागे किती लीडर आणि बेत रद्द झाला तर पैशांचं काय, हेही पैसे भरायच्या आधी.

वाटाड्याशी आदल्या दिवशी फोनवर बोला. विचारायचे प्रश्न हे:

- दादा, या आठवड्यात कुंडापर्यंत गेला होतात का? ओढ्याला पाणी किती होतं?
- किती माणसं एका वेळी नेता?
- किती वाजता निघायचं आणि किती वाजता परत फिरायचं?
- कुणाचा पाय मुरगळला तर गावातून मदत किती वेळात येते?
- पैसे किती, आणि ते गटाचे की माणशी?

"या आठवड्यात गेला होतात का" याला टोलवाटोलवीचं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा.

आता सर्वात महत्त्वाचं. वाटाड्याची रोजी तुमच्यावर अवलंबून असते. दहा जण शहरातून चार तास गाडी चालवून आलेत, आणि त्याने म्हणायचं "आज पुढे नको"? त्याला जड जातं. त्यात कुणीतरी म्हणतं, "दादा, इथवर आलोय, दहा मिनिटं तर राहिलीत." तो बिचारा पुढे निघतो. म्हणून निघायच्या आधी, सगळ्या गटासमोर, एवढं बोला: "दादा, तुम्ही म्हणाल तिथून परत. अर्ध्यातून फिरलो तरी पैसे पूर्ण." या दोन वाक्यांनी त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, आणि गटातल्या हट्टी माणसाचं तोंडही आधीच बंद होतं.

मी एकदा असा परत फिरलो आहे. कुंड वीस-पंचवीस मिनिटांवर होतं, डोक्यावर ऊन होतं. वाटाडे मामा थांबले, वर कान देऊन म्हणाले, "वरती वाजतंय." आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. कुरकुर करत फिरलो. जाताना पायातले बूटही धड भिजले नव्हते तो ओढा येताना पोटरीच्या वर लागला, रंग चहासारखा. आणखी अर्धा तास गेला असता तर आम्ही पलीकडेच बसलो असतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे वाटाड्याला प्रवेशपासासारखं वापरणं. पैसे दिले, आता तो मागून येईल, आम्ही पळत पुढे. वाटाड्या पुढे असतो आणि त्याला ओलांडून कुणी जात नाही. झाडीत गुरांच्या वाटा फुटतात; त्या वापरात असल्याने खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात.

*तपासा: परत फिरायची वेळ घड्याळातल्या आकड्यात ठरली का? "बघू तिकडे" ही वेळ नव्हे.*

५. पायात काय, पाठीवर काय

बुटांचा तळ बघा. खोल खाचांचा, मऊ रबराचा हवा. जिममधले गुळगुळीत धावायचे बूट ओल्या कातळावर साबणासारखे सरकतात. चपला, सँडल, क्रॉक्स नकोत. नवे बूट आदल्या आठवड्यात दोनदा घालून फिरा. जुने, कपाटात दोन वर्षं पडलेले बूट असतील तर तळ हाताने ओढून बघा. डिंक सुकलेला असतो आणि पहिल्या ओढ्यात तळ सुटतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

जीन्स नको. भिजली की जड होते, वाळत नाही, मांड्या सोलवटते. पातळ, पूर्ण लांबीची पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. काटे, खाजकुयली आणि डास, तिन्हींवर तेच औषध.

पाठीवर दोन्ही खांद्यांची पिशवी. हातात पिशवी किंवा एका खांद्याची झोळी असेल तर ओढ्यात हात मोकळे राहत नाहीत. आत एवढं:

- माणशी किमान दोन लिटर पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात तीन
- ओआरएसची दोन पाकिटं
- दशम्या किंवा ठेपले, गूळ-शेंगदाणे, खजूर
- शिट्टी, चार्ज केलेली बॅटरी (मोबाइलची लाइट धरू नका)
- क्रेप बँडेज, जंतुनाशक, पट्ट्या, स्वतःची रोजची औषधं
- पातळ रेनकोट, कोरडे मोजे आणि टी-शर्ट, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून
- कचऱ्यासाठी रिकामी पिशवी

छत्री नको. काठी मात्र प्रत्येकाला हवी, खांद्याएवढी. गावात बांबू मिळतो; झाड तोडून करू नका.

६. सकाळ

पुण्याहून येणारे मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळ्याला येतात आणि तिथून पाटणूस-भिऱ्याकडे वळतात. मुंबईहून येणारे महामार्गाने कोलाडपर्यंत, मग सुतारवाडीवरून विळ्याकडे. रेल्वेने आलात तर कोलाड किंवा माणगाव, पुढे एसटी किंवा रिक्षा. ताम्हिणी घाटात दरडी येतात, धुकंही असतं. पहाटे तीनला निघून डोळे चोळत घाट उतरण्यापेक्षा आदल्या रात्री गावात मुक्काम करा. घरगुती सोय होते, जेवणही मिळतं.

वेळापत्रक मी असं धरतो: साडेसहाला गावातून पाऊल, नऊच्या सुमारास कुंड, दहा वाजता तिथून परत, साडेबाराच्या आत गावात. वरचे ढग दुपारी फुटतात, आणि आपण त्याआधी शेवटचा ओढा ओलांडलेला असतो. अकराला निघून दोनला कुंडाशी पोचणारे नेमके उलट्या वेळेला तिथे असतात.

निघण्यापूर्वी गावात तीन कामं. जेवण सांगून ठेवा. आयत्या वेळी दहा जणांच्या भाकऱ्या कुणाला भाजता येत नाहीत. नोंद करायची असेल तिथे नावं द्या. आणि मोजा. मोठ्याने, एक-दोन-तीन करत, प्रत्येकाने आपला आकडा लक्षात ठेवायचा.

७. पाण्याकाठची वाट आणि झाडी

पहिला भाग सपाट आणि सुंदर असल्यामुळे लोक इथेच रमतात, फोटो काढत अर्धा तास घालवतात. तो अर्धा तास पुढे कुंडाशी कमी करावा लागतो, आणि तिथे कुणी तो कमी करत नाही. इथे चालत राहा.

धरणाच्या पाण्यात उतरू नका. काठ चिखलाचा आहे, तळ दिसत नाही. भिऱ्याचं पाणी वीजनिर्मितीचं असल्याने ते सोडलं-अडवलं जातं आणि पातळी पावसाशिवायही बदलते. "येताना डुंबू" असा बेत ठरवून जाणारेही असतात. दमलेल्या अंगाने अनोळखी पाण्यात उतरणं हे जातानापेक्षा वाईट.

झाडीत शिरल्यावर बोलणं कमी, पायांखाली लक्ष. दगडावर किंवा आडव्या खोडावर हात टेकण्याआधी बघा. कोकणात फुरसं (लहान विषारी साप) दगडांच्या सांदीत असतं, पानगळीच्या रंगात मिसळून जातं आणि बाजूला सरकत नाही. खोडावरून पाय पलीकडे टाकताना आधी खोडावर चढा, पलीकडचं बघा, मग उतरा.

*तपासा: दर अर्ध्या तासाला आकडे मोजा, दोन घोट पाणी प्या. तहान लागेपर्यंत थांबू नका.*

८. ओढा

वाटाड्या म्हणेल त्याच जागी उतरा. तरी तुम्हाला स्वतःलाही कळायला हवं, म्हणून कारणं सांगतो.

ओढा अरुंद दिसतो तिथे पाणी खोल आणि वेगवान असतं. पसरट जागी उथळ आणि संथ. माणसं नेमकी अरुंद जागा शोधतात, कारण पावलं कमी पडतात. ज्या जागेच्या खालच्या अंगाला धार, मोठे धोंडे किंवा आडवी झाडं आहेत तिथे पाणी घोट्याएवढं असलं तरी उतरू नका. घसरलात तर जाल कुठे, हे आधी बघायचं.

पाण्याचा वेग असा ओळखा: काटकी टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. साध्या चालीने ती मागे पडत असेल तर ठीक. तिला गाठायला पळावं लागलं तर ते पाणी तुमचं नाही.

खोलीची मर्यादा गुडघा. गटातल्या सर्वात बुटक्या माणसाचा गुडघा.

ओलांडण्याची पद्धत:

अ) पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा. पडलात तर पिशवी सोडून देता आली पाहिजे.

आ) बूट काढू नका. अनवाणी पाय धोंड्यांत अडकतो आणि मुरगळतो. बूट भिजतील, भिजू द्या.

इ) तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवलेली. खेकड्यासारखं आडवं सरका. काठी आणि दोन पाय, या तिघांपैकी एका वेळी एकच हलवायचं.

ई) पाणी जोरात वाटलं तर तिघांनी एकामागे एक उभं राहून पुढच्याच्या खांद्याला घट्ट धरा, सर्वात दणकट माणूस प्रवाहाच्या तोंडाशी.

उ) दगडांवरून उड्या मारू नका. काळा, चकचकीत दगड म्हणजे शेवाळ.

दोर कमरेला बांधून ओलांडायचा सल्ला कुठेतरी वाचलेला असतो. नका करू. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

पलीकडे गेल्यावर एक काम न विसरता करा. पाण्याच्या कडेला, जिथे पाणी संपतं तिथे, ओळखता येईल असा दगड ठेवा आणि त्याचा फोटो घ्या. वेळही लिहा. परत येताना हा दगड सांगेल की पाणी चढलंय की उतरलंय. याला पाच सेकंद लागतात, आणि तरी हे कुणी करत नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

*सावधान: जातानाच पाणी गुडघ्याला लागलं तर सहल इथे संपली. दुपारी ते कमी होईल, हा अंदाज बांधू नका.*

९. कुंडाशी

पोचल्या पोचल्या मोजणी. मग एका माणसाला पाण्यावर नजर ठेवायला बसवा, पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी लावा. त्याने फोटो काढायचे नाहीत. त्याने बघायच्या गोष्टी चार: पाण्याचा रंग निवळहून गढूळ होतोय का, पानं-काटक्या वाहून येताहेत का, धबधब्याची धार रुंद होतेय का, आवाज वाढतोय का. एक जरी दिसली तरी शिट्टी, आणि सगळे लगेच निघतात. पिशव्या म्हणूनच उघड्या पसरायच्या नसतात.

कुंडात उतरू नका. काठ उथळ वाटतो आणि पुढे तळ एकदम सुटतो. धार पडते तिथलं फेसाळ पाणी हवेने भरलेलं असतं, ते अंग तोलून धरत नाही; पट्टीचा पोहणाराही नेहमीपेक्षा खाली जातो. धारेच्या पायथ्याशी पाणी खाली ओढून पुन्हा धारेकडे आणतं. वरून पाण्याबरोबर दगड येतात ते वेगळेच. विहिरीत आणि नदीत पोहलेल्या माणसाचा आत्मविश्वास इथे उपयोगी पडत नाही. बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. दोरी बांधलेली असेल तर तिच्या अलीकडे, नसेल तर पाण्यापासून चार पावलं मागे.

फोटो बसून काढा, पाठ डोंगराकडे. मागे सरकत फ्रेम जुळवायची नाही. जुलै २०२४ मध्ये याच तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना एका तरुणीचा दरीत पडून जीव गेला. त्याच्या पंधरा दिवस आधी, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तीही घरून सहलीलाच निघालेली माणसं होती.

कड्यावर आग्या मोहळ असू शकतं. अत्तर, धूर, ड्रोन, आरडाओरडा: चारही नको. माश्या उठल्या तर हात झाडू नका, तोंड-मान कपड्याने झाका आणि झाडीत दूर जा. पाण्यात उडी मारायची नाही.

ठरलेली वेळ झाली की उठायचं. उशिरा पोचलात तरी परतीची वेळ तीच. कमी होईल तो कुंडाशी बसायचा वेळ.

१०. परत

पाय घसरण्याचे बहुतेक प्रसंग परतीला होतात. पाय थकलेले, मन घरी पोचलेलं, मोबाइल हातात. उतारावर पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकवून. निघण्यापूर्वी सगळ्यांनी काहीतरी खा.

ओढ्याशी आल्यावर आधी आपला दगड शोधा. दगड कोरडा आणि पाणी त्याच्या खाली, तर जातानाच्याच पद्धतीने ओलांडा. दगड बुडालेला, तर थांबा. काठीने खोली बघायलाही आत जाऊ नका. उंच, सपाट, झाडांच्या आतल्या जागी सगळे एकत्र बसा. ओढ्याच्या पात्रात किंवा एकट्या उंच झाडाखाली नको. हे ओढे जितक्या पटकन चढतात तितक्या पटकन उतरतात, पाऊस थांबल्यावर काही तासांत. कोरडा टी-शर्ट घाला, उरलेलं खाणं वाटून खा, दगडाच्या जागी नवा दगड लावून पाणी मोजत राहा. रात्र झाली तर रात्र. अंधारात ओढ्यात उतरणं हा एकच निर्णय असा आहे की जो नंतर सुधारता येत नाही.

कुणी म्हणेल, "मी एकटा जाऊन मदत आणतो." त्याला धरून बसवा.

११. बिघडलं तर

*पाण्यात पडलात:* पिशवी सोडा, पाठीवर व्हा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने आणि वर. उभं राहायचा प्रयत्न वेगाच्या पाण्यात करू नका, पाय धोंड्यांत अडकतो. तिरपे काठाकडे सरका. काठावरच्यांनी मागोमाग उडी मारायची नाही. काठी, कपडा, रिकाम्या बाटल्या भरलेली पिशवी टाका.

*साप चावला:* चावलेला अवयव हलू देऊ नका, काठी बांधून स्थिर करा. अंगठी, कडं, घड्याळ काढा. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, मांत्रिक: काहीच नाही. त्याला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन, आणि थेट रुग्णालय. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका.

*पाय मोडला किंवा माणूस हरवला:* दोघे जखमीपाशी, दोघे वाटाड्यासह रेंज मिळेल तिथवर. ११२ किंवा महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक ७६२०२३०२३१. सांगायचं एवढं: कुठे आहोत, किती जण, काय झालंय, जखमी शुद्धीवर आहे का, जवळ पाणी-अन्न किती. हे नंबर कागदावरही लिहून ठेवा. मोबाइल भिजलेला असू शकतो.

१२. गावात आणि घरी

गावात पोचल्यावर शेवटची मोजणी, घरी फोन, वाटाड्याला पैसे. ओढ्याला पाणी किती लागलं, ते गावातल्या इतरांना आणि चढू पाहणाऱ्या पुढच्या गटाला सांगा. ते निघायच्या तयारीत असतील आणि दुपार झाली असेल, तर जरा आग्रहाने सांगा.

घरी आल्यावर अंघोळ, आणि काखा, जांघा, कानामागे गोचीड चिकटली आहे का ते बघा. पायाला जखम झाली असेल तर साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत कळ, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा: "जंगलात चिखलपाण्यातून चाललो होतो." लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा स्क्रब टायफस या तापांची शंका त्यांना त्या एका वाक्याने लवकर येते, आणि दोन्हींवर वेळेत सुरू केलेलं औषध चांगलं लागू पडतं.